दगड कोठी गाडाचा?

काकूंनी अंगठा उमटवला, शाईचं बोट पदराला पुसलं आणि विचारलं, “मंग दगड कोठी गाडाचा?” कोणी उत्तर दिलं नाही, कारण तेवढ्यात चहा आला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातली ही श्रावणातली दुपार. ग्रामपंचायतीच्या सभागृहात ओल्या छत्र्या भिंतीला टेकलेल्या, फरशीवर काळ्या मातीचे पाय उमटलेले. तंटामुक्त समितीची बैठक सुरू होऊन पाऊण तासही झाला नव्हता आणि धुऱ्याचा, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाचा, तंटा मिटला म्हणून सगळे मोकळे होऊ पाहत होते. काकूंचे चुलत दीर समोरच्या खुर्चीवर होते. ते हसून म्हणाले, “वयनी, झालं ना आता. मी का गाव सोडून चाललो काय?” त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. काकूही पुढे काही बोलल्या नाहीत. कपातला चहा मात्र त्यांनी तसाच ठेवला. कागदावर अडीच ओळी होत्या: दोन्ही पक्षांनी सामंजस्याने वागावे, धुरा पूर्ववत करावा व परस्परांच्या वहिवाटीस अडथळा करू नये.

पूर्ववत म्हणजे कधीसारखा? मागच्या वर्षीसारखा, की काकूंचे यजमान होते तेव्हासारखा? तो एक शब्द तेव्हापासून डोक्यात रुतून बसला आहे.

आपल्याकडे धुरा म्हणजे काय हे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. पण तो सरकतो कसा, हे जवळून पाहिलं की भांडणाची जात कळते. रातोरात कोणी धुरा फोडत नाही. वखर फिरताना शेवटचं तास धुऱ्याला चाटून जातं. पुढच्या उन्हाळ्यात त्यावरचं गवत जाळलं जातं, त्याच्या पुढच्या वर्षी बोरीचं खोड निघतं. ट्रॅक्टर आल्यापासून तर एका फेऱ्यात वीतभर माती इकडची तिकडे होते. काकूंचा धुरा ४२० फूट लांब. दिरांचं वावर त्यात अडीच फूट आत आलं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे १०५० चौरस फूट. एक आर म्हणजे १०७६ चौरस फूट, तेव्हा हे एक आरही भरत नाही. कोरडवाहूत एकरी आठ क्विंटल कापूस धरला तरी एवढ्या पट्टीत वीस किलोच्या आतच कापूस निघेल. वेचणाऱ्या बाईचं अर्ध्या दिवसाचं काम. या हिशेबाने पाहिलं तर भांडण खुळेपणाचं वाटतं आणि तालुक्यात बसलेल्या माणसाला ते तसंच वाटतं. पण काकूंचं शेत मागे आहे, आणि त्यांची बैलबंडी जाते ती याच धुऱ्याच्या कडेने. बंडीला आठ फूट लागतात, ट्रॉलीसकट ट्रॅक्टरला दहा, हार्वेस्टर आणायचं तर बारा हवेत. अडीच फूट गेले की बंडी कशीबशी जाते, ट्रॅक्टर मात्र जात नाही. मग सोयाबीनची पोती डोक्यावर आणायची किंवा दिरांच्या परवानगीने त्यांच्या पिकातून न्यायची. दरवर्षी परवानगी मागत बसणं हेच त्यातलं दुखणं आहे, आणि ते चौरस फुटात मावत नाही.

अशा भांडणासाठी दिवाणी न्यायालयात जाणं म्हणजे काय, हेही गावाला पाठ आहे. वकीलपत्र, दावा, समन्स, कैफियत, मनाईहुकूम, कोर्ट कमिशनर, मोजणी, साक्षीपुरावा. प्रत्येक शब्दाच्या आड कित्येक तारखा असतात. आता एसटीत बायांना अर्धं तिकीट लागतं हे खरं, पण तारखेच्या दिवशी मजुरी बुडते, घरच्या ढोराला कोणीतरी पाहावं लागतं आणि पुढची तारीख मिळाली एवढंच घेऊन परत यावं लागतं. दावा चालू असेतो दोन घरांत हळदीकुंकू बंद, लग्नाची पत्रिका बंद. निकाल लागतो तेव्हा एक आर जमीन कोणाच्या तरी नावाने लागते आणि शेजार कायमचा जातो. म्हणून गावातच, ओळखीच्या माणसांसमोर, हंगामाच्या आत भांडण मिटवण्याची सोय हवीच. ती दुय्यम दर्जाची आहे असं मला अजिबात वाटत नाही. म्हणूनच ती धड चालली नाही की जास्त लागतं.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना. वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ असे फलक लागले. बऱ्याच गावांत ते अजून उभे आहेत, रंग उडालेले, खालच्या पत्र्याला गंज चढलेला. ग्रामसभेने समिती निवडायची, गावात दाखल असलेले आणि नव्याने उद्भवणारे तंटे वहीत घ्यायचे, दिवाणी, महसुली, फौजदारी अशी वर्गवारी करायची आणि दोघांना समोरासमोर बसवायचं. पोलीस पाटील, बीट जमादार, तलाठी असे गाव ओळखणारे लोक त्यात असतात. तलाठी धुऱ्याचा गट नंबर तोंडपाठ सांगतो आणि पोलीस पाटलाला मागची तीन भांडणं आठवतात, इतकी ही रचना चांगली आहे. ती बिघडते आकड्याच्या घाईने. वहीत ‘मिटला’ असा शेरा पडला की समितीचं काम संपतं, पण शेतकऱ्याचं तिथून सुरू होतं. समितीला हुकूम देता येत नाही, दंड करता येत नाही, ताबा देता येत नाही. तिच्या हाती दोनच गोष्टी आहेत, माणसांना बोलतं करणं आणि जे ठरलं ते नीट लिहिणं. यातली दुसरी गोष्ट आपल्याकडे फार हलगर्जीपणे होते.

सामंजस्याने वागावे, हे लिहून कोणीही सामंजस्याने वागत नाही. धुऱ्याच्या कागदात काय हवं? दोन्हीकडचे गट नंबर आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र. धुऱ्याची दिशा आणि लांबी. रस्ता असेल तर त्याची रुंदी फुटांत, आणि ती कुठून कुठवर मोजली तेही. धुऱ्याच्या मधोमध रेघ धरून दोन्हीकडे पाच-पाच फूट, की एकाच बाजूला दहा? रस्ता बारमाही, की पेरणी आणि काढणीपुरता? उभ्या पिकातून ट्रॅक्टर गेला तर भरपाई कोणी द्यायची, कशाच्या हिशेबाने? धुऱ्यावरचा कडुनिंब कोणाचा, त्याच्या फांद्या कोणी छाटायच्या? पावसाचं पाणी वरच्या वावरातून खालच्यात कुठून उतरेल? काळ्या मातीत हा पाण्याचा प्रश्न रस्त्याइतकाच मोठा असतो. धुरा नीट बांधला आणि पाण्याला वाट ठेवली नाही, तर पहिल्याच मोठ्या पावसात तो खालच्याने फोडलेला दिसतो आणि तंटा नव्याने उभा राहतो. कोण काय करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि ते झालं की नाही हे पाहायला कोण जाणार, हेही हवं. समितीतल्या एका माणसाचं नाव तिथे घातलं की कागदाला पाय फुटतात.

आणि दगड. काकूंचा प्रश्न वहीतल्या सगळ्या कलमांपेक्षा मोलाचा होता. भारी काळी जमीन उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. भेगा इतक्या खोल की काठी आत जाते. अशा जमिनीत हातभर दगड नुसता रोवला तर दोन पावसाळ्यांत तो कलतो आणि चौथ्या वर्षी दोघंही शपथेवर सांगतात की तो आपल्या बाजूने कलला. तीन फुटी दगड घ्यावा, दोन फूट खाली आणि एक फूट वर, खड्ड्यात खडी घालून धुमसून बसवावा. दोन टोकांना दोन आणि लांब धुऱ्याला मध्ये एक. तरीही भरवसा एकट्या दगडावर ठेवू नये. जवळच्या हलणार नाहीत अशा खुणांपासून, म्हणजे विहिरीचा काठ, पुलाची कडा, पक्क्या खोलीचा कोपरा, त्याचं अंतर फितीने मोजून कागदात लिहावं. दोन खुणांपासूनची अंतरं असली की दगड हरवला तरी जागा सापडते. हे काम वैशाखात होतं, शेत मोकळं असताना. श्रावणात गुडघाभर पिकात आणि चिखलात कोणी दगड गाडत नाही. समितीला तेव्हाच सांगता आलं असतं, ‘काकू, दगड अखजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर), आज तारीख लिहून ठेवू’. एवढं एक वाक्य कमी पडलं.

हद्दच माहीत नसेल तर आधी सरकारी मोजणी हवी. भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात अर्ज, सोबत सातबारा आणि लगतच्या खातेदारांचे पत्ते. मोजणीची नोटीस त्या सगळ्यांना जाते. एकालाही ती नीट पोचली नाही तर नंतर तोच मोजणीवर हरकत घेतो. मोजणीनंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते. ती पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागता येते. पण मोजणीदार हद्द दाखवतो, ताबा देत नाही. हे न समजल्यामुळे मोजणीच्या दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी निघालेल्या आहेत. मोजणीच्या आधीच दोघांनी लिहून द्यावं: रेघ जिथे येईल ती मान्य, जास्त निघालेली पट्टी उभं पीक निघाल्यावर सोडायची, फी अर्धी-अर्धी. मोजणीआधी माणूस न्यायाने बोलतो, कारण रेघ कोणीकडे पडणार हे त्याला ठाऊक नसतं.

आता सह्यांकडे या. सातबाऱ्यावर पाच नावं आणि कागदावर दोन अंगठे, हे नेहमीचं चित्र. उरलेली तीन नावं बहिणींची असतात, लग्न होऊन दारव्ह्याला, वणीला, नाहीतर पुसदला गेलेल्या. त्यांना बोलावणं म्हणजे विषय वाढवणं, असं समितीला वाटतं. पण त्यांचा हिस्सा आहे आणि त्यांच्या संमतीवाचून केलेली वाटणी त्यांच्यावर बंधनकारक होत नाही. दहा वर्षांनी भाचा उभा राहतो तेव्हा समितीतले निम्मे लोक हयात नसतात. तसाच स्टॅम्पपेपरचा गैरसमज. पाचशेच्या बाँडवर लिहिलं म्हणजे पक्कं झालं, असं गाव धरून चालतं. बाँडने कागद भारदस्त दिसतो, जमिनीची मालकी त्याने हलत नाही. हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. एकमेकांच्या जमिनी किमान बारा वर्षं एकमेकांकडे कसत आल्या असतील, तर २०२३ पासूनच्या सलोखा योजनेत हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी फीमध्ये अदलाबदल रीतसर होते. समितीने फक्त एवढं ओळखायचं असतं, की समोरचा तंटा वापराचा आहे की मालकीचा. वापराचा असेल तर गावात बसून मिटतो. मालकीचा असेल तर गावात बोलायचं आणि दप्तरी नोंदवायचं.

सगळ्यात घात होतो तो मुदतीने. वहिवाटीचा जुना रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. जमीन महसूल संहितेचं कलम १४३ वेगळं, ते धुऱ्यावरून नवा रस्ता मागण्यासाठी. काकूंच्या वाटेवर काटेरी फांद्या पडल्या त्या मृगाच्या पेरणीत, जूनच्या मध्यावर. समितीचा कागद ऑगस्टात. ‘पाहू पोळ्यानंतर’, ‘पाहू दिवाळीनंतर’ असं करत डिसेंबरचा मध्य उलटला असता तर दार बंद. समितीत बोलणी चालू आहेत म्हणून कायद्याचं घड्याळ थांबत नाही. चांगल्या मनाच्या पंचांकडूनच हे नुकसान होतं, कारण त्यांना वाटतं की अर्ज टाकला म्हणजे भांडण वाढलं. अर्ज टाकून ठेवा आणि बोलणी चालू ठेवा, मिटलं की अर्ज निकाली काढता येतो.

गावातल्या तडजोडीला हुकूमनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या निकालाची, ताकद द्यायची वाट आहे, पण ती फार कमी लोक चालतात. प्रत्येक तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. तिथे साध्या कागदावर दाखलपूर्व अर्ज देता येतो, दावा लावलेला नसतानाही. कोर्ट फी लागत नाही. बाई असेल तर उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही. १५१०० या क्रमांकावर विचारता येतं. समोरच्याला नोटीस जाते, दोघं आले आणि पटलं तर ते लोकअदालतीसमोर नोंदवलं जातं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही आणि आधी दावा लावला असेल तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. पटलं नाही तर लोकअदालत आपला निकाल लादू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली जालौर सिंग प्रकरणात हे स्वच्छ सांगितलं आहे. पुढचे सगळे रस्ते मोकळे राहतात. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं स्वतंत्र प्रकरण आहे, तीन मध्यस्थांचं मंडळ आहे. पण त्यातला करारनामा हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येत नाही, हे त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणून जमिनीच्या बाबतीत लोकअदालतीची मोहोर बरी.

अपील नाही, हे वाचून मात्र थबकायला होतं.

कारण मग सगळा भार ‘हो’ म्हणणाऱ्याच्या ‘हो’वर येतो. काकूंनी अंगठा दिला तेव्हा त्या खोलीत सतरा पुरुष होते आणि त्या धरून दोन बाया. त्यांची जागा दाराजवळ, भिंतीला पाठ लावून. दीर, सरपंच, अध्यक्ष सगळे टेबलाच्या बाजूला. कागद एकदाच वाचला गेला, भरभर. अंगठा दिला हे खरं, पण कबूल होतं का? हे तपासायला फार काही लागत नाही. प्रत्येकाला आधी वेगळं बसवून विचारावं: तुला काय हवं, काय चालणार नाही, कशाची भीती वाटते? बैठक कोणाच्या ओसरीवर नको. अध्यक्ष एखाद्याचा सोयरा असेल तर त्याने त्या दिवशी उठावं. कागद मराठीत, साध्या शब्दांत, दोनदा वाचावा आणि दुसऱ्या वेळी त्या माणसाकडूनच वदवून घ्यावा की काय ठरलं. आणि आठ दिवस द्यावेत. घरी जाऊन, भाकरी खाऊन, लेकीला फोन करून जे टिकतं ते कबूल.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आठवतं. तिथे ग्रामसभेत बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरवतात. एकाला पटत नसेल तर पुन्हा बसायचं. वेळ फार जातो, पण ठरलेलं मोडायला मागे कोणी उरत नाही. पेसा कायद्याने १९९६ पासून अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेची तंटे सोडवण्याची परंपरागत रीत मानली आहे. त्या रीतीत बसण्याचा धीर आहे, तो तंटामुक्तीच्या पाऊण तासात नाही. मात्र परंपरा म्हटली की जात पंचायतीचा दंड आणि वाळीत टाकणंही डोळ्यांसमोर येतं. त्याला थारा नको. २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. मुलीवरचा अत्याचार, ॲट्रॉसिटी, बायकोला जाळण्याची धमकी, हे समितीच्या वहीत येताच कामा नये. तिथे मिटवणं म्हणजे दडपणं. आणि सावकाराने कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन! विदर्भात हे समितीसमोर ‘व्यवहाराचा वाद’ म्हणून येतं, नव्या व्याजावर तडजोड होते आणि शेतकरी आणखी रुततो. २०१४ च्या सावकारी कायद्यात जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून मागच्या पंधरा वर्षांतली अशी जमीन परत मागता येते. पंचांनी त्या माणसाला तिकडे पाठवावं, एवढंच त्यांचं काम.

काकूंना विधी सेवा समितीच्या एका स्वयंसेविकेने वाट दाखवली. ऐन कापसाच्या वेचणीत, नोव्हेंबर सरता सरता, त्यांनी दोन अर्ज दिले, एक तहसीलला आणि एक तालुका न्यायालयात. दीर चिडले, पंधरा दिवस बोलले नाहीत, मग नोटिशीच्या तारखेला आले. तूर निघाली, हरभरा निघाला. मार्चच्या लोकअदालतीत दीड पान लिहिलं गेलं, त्यात दहा फूट होतं, पाण्याची वाट होती, कडुनिंब होता. मोजणी मेमध्ये लागली, फी दोघांत.

त्या सकाळी आठलाच ऊन चटके देत होतं. रान भेगाळलेलं, पळसाखाली पाण्याची कॅन, तीन दगड बंडीतून उतरवलेले, एकाला चुना लागलेला. मोजणीदार खुणा करून सावलीत बसला. पहिला खड्डा दिरांच्या पोराने खणला. मग विहिरीपासूनचं अंतर घ्यायचं ठरलं. फितीचं डबीचं टोक घेऊन दीर दगडाकडे चालत गेले. शून्याचं टोक काकूंनी विहिरीच्या काठावर अंगठ्याने दाबलं.

“वयनी, पक्कं धरजा.”

“हाव, धरलं. तुमी आकडा सांगा.”